एझ्रा पेनरोड आणि पत्नी

नेब्रास्काच्या त्या काउंटीत मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सगळी घराणी जुन्या दफनभूमीत जमत. इथं सगळ्यांत आधी येऊन वसलेल्यांची नावं वाचली जात, आणि नाव आलं की त्याची नातवंडं-पतवंडं उठून "हजर!" म्हणत. यादी सुरू व्हायची ती ‘एझ्रा पेनरोड आणि पत्नी’ अशी. आर्डिस ही त्यांची पणती. एकाहत्तरी गाठली तरी त्या ‘आणि पत्नी’पाशी तिचं डोकं दरवर्षी फिरायचं. बाईला काय नावच नव्हतं?

यादी वाचायचा मान तिच्या चुलतभावाचा, मर्लचा. कोटाला ‘पहिल्या माणसाचा वंशज’ असा पितळी बिल्ला लावून तो मिरवायचा.

"तिच्या नावाचा कागद आण, मी ते वाचतो," तो म्हणाला. "मी शोधून थकलो बाई. जळाले असणार सगळे."

"कोणाच्या नावानं शोधलेस?"

"एझ्राच्या. आणखी कोणाच्या?"

आर्डिसनं बत्तीस वर्षं वाड्यावस्त्यांवर टपाल वाटलं होतं. घरापुढच्या टपालपेटीवरची नावं लग्नानं बदलतात, मरणानं बदलतात. जमीन मात्र जागची हलत नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तिनं जमिनीच्या दफ्तराला नाव कळवलंच नाही. पेनरोडांच्या जुन्या जमिनीचा नुसता गट क्रमांक लिहून पाठवला. तीन आठवड्यांनी जाडजूड पाकीट आलं.

नावं वाचायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी तिनं ते मर्लच्या कॉफीच्या कपाशेजारी आपटलं. "वाच."

त्या काळी पाच वर्षं राहून जमीन कसली की सरकार ती नावावर करून देई, पण आधी जबाब घेई. कधीपासून राहता, या प्रश्नाखाली लिहिलं होतं: ‘नवरा वाटेत, नदी ओलांडण्याआधीच तापानं गेला. तिथंच पुरला. मी दोन पोरं, एक गाय, एक बैल घेऊन पुढं आले. गवतासकट कापलेल्या ढेकळांचं घर मी रचलं. बैलाला जोडी नव्हती, म्हणून गाय जुंपली.’ खाली शेजाऱ्याची साक्ष होती: ‘आम्ही आलो तेव्हा इथं एकच धूर दिसत होता, तो हिच्या चुलीचा. मक्याची पहिली भाकरी आम्हाला हिनं दिली.’ आणि सही, वाकडी पण दाबून केलेली: थर्झा पेनरोड.

मर्लनं चष्मा काढला. "म्हणजे एझ्रा इथं पोचलाच नाही?"

"नाही."

"आणि मी चाळीस वर्षं त्याच्या नावानं छाती फुगवतोय!"

"फुगव की. आता तर दुप्पट फुगव."

"सगळी काउंटी हसेल मला, आर्डिस."

"हसू दे. उद्या काय वाचणार ते सांग."

"बघतो," एवढंच तो म्हणाला. आर्डिस धुसफुसत घरी गेली.

रविवारी दफनभूमी भरली. मर्ल कागद घेऊन उभा राहिला. त्याच्या कोटावर बिल्ला नव्हता.

"थर्झा पेनरोड," त्यानं खणखणीत वाचलं. "एकटी आली. सगळ्यांच्या आधी आली."

आर्डिस उठली. अभिमानानं ऊर इतका भरून आला की ‘हजर’ म्हणायला आवाजच फुटेना. पुढचं नाव वाचायचं सोडून मर्ल तिची वाट बघत राहिला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि स्वतःच मोठ्यानं म्हणाला, "हजर!"