वरचा पलंग

मंजुषानं शेवटचा बोल्ट पान्यानं आवळला, पलंगाचा खांब धरून दोनदा गदागदा हलवून बघितला आणि मागं वळून म्हणाली, "जा गं."

अक्षदा त्याचीच वाट बघत होती. उशी बगलेत दाबून शिडीच्या चार पायऱ्या चढून ती वर गेली आणि मांडी घालून बसली. मल्हारनं खालच्या पलंगावर कोलांटी मारली.

"उतरीव तिला," उंबऱ्यात बसलेल्या तिच्या सासूबाई, बानूबाई, म्हणाल्या.

"का हो, आत्या?"

"पोरगी वर आन् ल्योक तिच्या खाली? शानी झालीया ती आता. दर म्हयन्याचे चार दिस वर बसंल, आन् खाली हे लेकरू. घरात द्येव हायती."

मंजुषानं नवऱ्याकडं पाहिलं. रामहरी उरलेले नटबोल्ट पुडीत बांधत होता. पुडीला नीट गाठ मारून झाल्यावर तो म्हणाला, "अक्षदा, ये खाली. मल्हारला जाऊ दे वर."

अक्षदा उतरली. उशी तिनं वरच ठेवली.

लोहाऱ्यातल्या त्या दोन खोल्या अन् स्वयंपाकघराच्या घरात पोरीला स्वतःची म्हणावी अशी हातभर जागा नव्हती. म्हणून तर मंजुषानं हा दुमजली पलंग करवून घेतला होता. खोलीची मापं घेऊन ती दोनदा नळदुर्गला वेल्डिंगवाल्याकडं गेली होती. त्यानं कठडा वीतभर ठेवला होता. तिनं तो दीड हात करून घेतला. अर्ध्या झालेल्या सांगाड्यावर अक्षदाला चढवून बघितलं होतं. बाराव्या वर्षी पोर पहिल्यांदा काहीतरी 'माझं' म्हणाली होती.

"मी आरोग्यसेविका आहे," स्वयंपाकघरात ती रामहरीला म्हणाली. "गावोगाव पोरींना सांगत हिंडते, पाळी म्हणजे विटाळ नाही. आन् माझ्याच घरात?"

"आईचं वय झालंय, मंजू. पलंग दोन हायत, पोरं दोन हायत. काय फरक पडतो?"

"फरक पडत नाही, तर मग तिला का उतरवलंत?"

रामहरीनं ड्यूटीची पिशवी उचलली आणि तो एसटीच्या डेपोकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वर्षांचा मल्हार खालीच सापडला, अक्षदाच्या पाठीला पाठ लावून झोपलेला. वर भ्या वाटतं म्हणाला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मंजुषा कामावरून आली, तर वरच्या पलंगावर गोधड्यांचं बोचकं, रामहरीची जुनी बॅग आणि ज्वारीचं अर्धं पोतं.

"रिकामाच पडला होता," रामहरी म्हणाला.

मंजुषा शिडी चढली. बोचकं तिनं असं ढकललं, की ते थेट त्याच्या पायाशी आदळलं. मग बॅग. मग पोतंही ओढून कडेला आणलं.

"माझ्या लेकीपेक्षा बोचकी पवित्र काय? त्यांना पाळी येत नाही म्हणून?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू द्या."

पोतं त्यानं खांद्यावर घेऊन खाली उतरवलं. वरचा पलंग मोकळा राहिला. अक्षदा मात्र चढली नाही. आईनं दोनदा सांगितलं, तरी ती खाली भावाशेजारी अंग चोरून पडायची.

शुक्रवारी लसीकरण लवकर आटोपलं आणि मंजुषा साडेचारलाच घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत दाराशी बानूबाईंची वाकळ होती, पण त्या नव्हत्या.

"आत्या?"

"हितं हाय."

त्या आतल्या खोलीत, वरच्या पलंगावर बसल्या होत्या. पदर नीट डोक्यावर, दोन्ही हात कठड्यावर.

"गुडघे असे दुखतात, आन् चढलात कशाला?"

"म्हटलं, बघावं. पोरीचा येवढा जीव कशात आडकलाय." त्यांनी शिडीकडं पाहिलं. "चढले खरी. आता उतराया जमंना. हात दे."

मंजुषानं खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली. हात दिला नाही.

"मग? काय दिसलं?"

बानूबाईंनी कठड्यावरून हात फिरवला.

"जलमभर कुणी आलं, की सरून बसत आले. बापाच्या घरी, मेंढराच्या वाड्यावर, तुमच्या दारात. हितं दुपारधरनं बसलीया. कुणी 'सरा' म्हनलं न्हाय."

मंजुषाचा राग उतरला नाही. उलट जास्तच चढला. एवढं कळत होतं, तर पोरीला का उतरवलं?

"अक्षदा येईल पाचला," ती म्हणाली. "ती उतरवील तुम्हाला."

तिनं चहाचं आधण ठेवलं. पाच वाजता दार वाजलं. दप्तर पाठीवर तसंच ठेवून अक्षदा खोलीच्या दारात थबकली. तिनं आजीकडं बघितलं, मग आईकडं.

"बघत काय ऱ्हायलीस?" बानूबाई म्हणाल्या. "तुझ्या पलंगावरनं उतरीव मला."

अक्षदानं दप्तर टाकलं आणि शिडीला हात घातला.

मंजुषा गाळणी हातात घेऊन दारात आली.

"आत्या," ती म्हणाली, "हेच 'तुझा पलंग' संध्याकाळी तुमच्या लेकाच्या पुढ्यात म्हणा."

बानूबाईंचा एक पाय पायरी चाचपत होता. तो अक्षदानं दोन्ही हातांनी धरला आणि पायरीवर टेकवला.