बागेतल्या पोपटी पाणबुडीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी पाणबुडी आहे आणि सध्या बागेत राहते. हसा, हसून घ्या. सगळेच हसतात. माझ्या एका अंगाला घसरगुंडी आहे आणि दुसऱ्या अंगाला सार्वजनिक शौचालय. जिच्या नुसत्या सुगाव्याने मोठमोठ्या जहाजांवरच्या लोकांची बोबडी वळायची, तिला हल्ली पाणी मिळते ते माळ्याच्या नळीतून, तेही हिरवळीला घालताना चुकून उडाले तर.

शिवाय मी पोपटी आहे. जन्मतः नव्हते हो! मूळचा माझा रंग समुद्रासारखा राखाडी. पण मागे बागेतले बाक रंगवून थोडा रंग उरला, तो वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी मला फासला. जिचा जन्मच लपण्यासाठी झाला, तिला पोपटी करायचे! त्या दिवशी मी जी गप्प झाले, ती आज तुमच्यापाशी तोंड उघडते आहे.

माझा जन्म गोदीत झाला. युद्ध पेटले होते, त्यामुळे सगळी घाईगर्दी. हातोड्यांचा ठणठणाट, माणसांची आरडाओरड, यांत्रिक करवतींची किरकिर. एवढ्या गदारोळात जन्मलेल्या लेकराला पहिली शिकवण कोणती मिळाली, तर आवाज करायचा नाही! माझे पोट म्हणजे एक लांबलचक बोळ. त्यात आधी इंजिने बसवली, मग नळ, चाके, झडपा आणि तारा बसवल्या. एवढे सगळे झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आले की आत माणसेही राहणार आहेत. मग उरल्यासुरल्या फटींमध्ये माणसे बसवली.

माणसांच्या मानाने पलंग कमी होते, म्हणून दोघांत मिळून एक पलंग. एकाचे काम सुरू झाले की दुसऱ्याने त्याच्या उबेत शिरायचे. एका पलंगाचे असे दोन मालक माझ्या विशेष लोभातले. एक आचारी, दुसरा इंजिनवाला. इंजिनवाला दमूनभागून यायचा तेव्हा आचाऱ्याची पावाचे पीठ मळायला उठण्याची वेळ झालेली असायची. हाका मारायला तर बंदी. मग इंजिनवाला आचाऱ्याच्या पायाचा अंगठा हळूच ओढायचा. आचारी न बोलता उठायचा आणि इंजिनवाला आडवा व्हायचा. पाळी संपली की आचारी येऊन याचा अंगठा ओढायचा. युद्धभर त्या दोघांनी एकमेकांना पाहिले ते बहुतेक झोपलेलेच. तरीही भांडण होतेच. आचाऱ्याचे म्हणणे, हा उशीला तेलाचे डाग पाडतो. इंजिनवाल्याचे म्हणणे, उशीला कांद्याचा वास येतो. खरे सांगायचे तर दोघांचेही बरोबर होते.

शत्रूचे जहाज डोक्यावर आले की माझ्या पोटात सगळे थिजायचे. इंजिने बंद व्हायची. सगळे बूट काढायचे. आचारी दोन्ही हात वर करून टांगलेली पातेली धरून ठेवायचा, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. पण त्या बिचाऱ्याची एक खोड होती. घाबरला की त्याला उचकी लागायची! आणि तो फार घाबरायचा. एकदा वरून बॉम्ब सोडले गेले. माझे दिवे फुटले, एका सांध्यातून पाण्याची चिळकांडी उडाली, आणि नेमकी त्याच क्षणी याची उचकी सुरू झाली. पातेली सोडता येईनात आणि उचकी थांबेना. तेव्हा इंजिनवाल्याने ती दोघांची मळकी उशी त्याच्या तोंडावर दाबली आणि दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवून तसाच उभा राहिला. वरचे जहाज घुटमळले आणि शेवटी निघून गेले. मी वाचले ती त्या उशीमुळे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी पुन्हा वर आल्याच नाहीत.

युद्ध संपले. माझ्यासाठी बँड वाजला, भाषणे झाली, फोटो निघाले आणि मला थाटामाटात बागेत आणून ठेवले. सुरुवातीला मला बघायला झुंबड उडायची. मग घसरगुंडी आली आणि माझी किंमत घसरली. कबुतरांनी माझ्या मनोऱ्यात संसार थाटले. प्रेमात पडलेल्यांनी माझ्या अंगावर नावे कोरली. ज्या पेरिस्कोपमधून मी कधीकाळी क्षितिज न्याहाळत होते, त्यातून आता दिसते ती शौचालयाची मागची भिंत. माळी माझ्या शिडीवर पंचा वाळत घालतो. माणूस मनाने वाईट नाही, पण पंचा फार ओला असतो.

अशातच एक दिवस कानावर आले की मला भंगारात काढून या जागेवर गाड्या उभ्या करणार. माझी आठवण म्हणून कचेरीच्या व्हरांड्यात काचेच्या पेटीत एक प्रतिकृती ठेवणार. चहाच्या ट्रेएवढी! रागाने माझा गंजसुद्धा लाल झाला.

निकाल द्यायला स्वतः नगराध्यक्षाबाई येणार होत्या. आतून एकदा पाहू, दोन्ही बाजू ऐकू आणि तिथेच काय ते ठरवू, असे त्यांचे म्हणणे. माझ्या विरोधात होत्या गावातल्या शाळेतल्या एक बाई. आणि माझ्या बाजूने? आचारी आणि इंजिनवाला! दोघेही म्हातारे झालेले. आयुष्यभर इंजिनांशेजारी राहून इंजिनवाल्याचे कान गेलेले, त्यामुळे तो ओरडूनच बोलतो आणि त्याच्याशी आचाऱ्यालाही ओरडावे लागते. माझ्याशेजारच्या बाकावर बसून दोघे भाषणाची तालीम करत होते.

"आधी मी बोलणार!" आचारी ओरडला.

"काय?"

"आधी मी! तू मधे तोंड घालू नकोस!"

"कांदा? आत्ता कांद्याचं कशाला काढतोस?"

कबुतरे उडून गेली. मी मात्र खुशीत होते. अशी फुप्फुसे असलेले वकील मिळाल्यावर खटला हरायचा कसा?

सगळे शिडीने खाली उतरले. उतरल्या उतरल्या दोघा म्हाताऱ्यांनी आपापले बूट काढून काखेत धरले. नगराध्यक्षाबाई म्हणाल्या, "हं काका, बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

आचाऱ्याने घसा साफ केला, तोही रुमालात. मग त्याचे ओठ हलले.

"काय म्हणालात?"

ओठ पुन्हा हलले.

"अहो काका, आत्ता बाहेर तर तुमचा आवाज फाटकापर्यंत जात होता!"

"बाई," तो कसाबसा कुजबुजला, "आत मोठ्यानं नाही बोलत."

"पण युद्ध संपलंय!"

इंजिनवाल्याने आचाऱ्याला कोपराने ढोसले आणि त्याच्या ओठांकडे बघत कुजबुजत विचारले, "काय म्हणतायत?"

"युद्ध संपलं म्हणतायत."

"ते ठीक आहे. पण आत नाही बोलत, सांग त्यांना."

मित्रांनो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! अरे मेल्यांनो, ओरडा! एकदाच ओरडा! पण कुणाला सांगणार? गप्प राहायला यांना मीच शिकवले होते आणि तेच आता माझ्या जिवावर उठले होते. आचाऱ्याने पाठ केलेले अख्खे भाषण म्हणून दाखवले. त्यातला एक शब्दही कुणापर्यंत पोचला नाही. नगराध्यक्षाबाईंनी घड्याळाकडे पाहिले.

मग शाळेतल्या बाई बोलल्या आणि त्यांचा शब्द न् शब्द खणखणीत ऐकू आला. "मी स्पष्टच सांगते. युद्धाचं यंत्र बागेत मांडून आपण मुलांना काय शिकवतो? मुलं हिच्या पाठीवर बसून ठो-ठो खेळतात. कोण मेलं, कुणाला मारलं, काही गंधवार्ता नाही. त्यापेक्षा नसलेली बरी."

बाई खोटे बोलत नव्हत्या. मी काही समुद्रात दूध वाटायला जात नव्हते. माझ्यामुळेही कुणाची तरी माणसे घरी परतली नाहीत.

तेवढ्यात घसरगुंडीवरची पोरे माझ्या पाठीवर उतरली. धाड! धाड धाड!

दोघे म्हातारे जागच्या जागी थिजले. आचाऱ्याचे बूट काखेतून निसटले, ते इंजिनवाल्याने जमिनीला लागायच्या आत पायावर झेलले. आचाऱ्याचे दोन्ही हात वर गेले. तिथे पातेली कधीचीच नव्हती, नुसते रिकामे आकडे होते. तेच त्याने घट्ट धरले. आणि त्याला उचकी लागली. इंजिनवाल्याने डोक्यावरची लोकरी टोपी काढून त्याच्या तोंडावर दाबली, दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि वर छताकडे बघत उभा राहिला. त्याने श्वास रोखून धरला होता.

शाळेतल्या बाईंना आधी हसू आले. मग त्याने श्वास रोखलाय हे त्यांनी पाहिले आणि त्यांचे हसू गेले. इतक्यात नगराध्यक्षाबाईंचा फोन वाजला. त्यांनी चोरी पकडल्यासारखा तो घाईघाईने बंद केला आणि कुजबुजल्या, "सॉरी."

पोरे खाली उतरून पळाली. आत कुणीच हलले नाही. माझ्या कुठल्याशा नळातून थेंब थेंब पाणी गळत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होते.

बऱ्याच वेळाने शाळेतल्या बाईंनी अगदी हळू आवाजात विचारले, "गेले का?"

इंजिनवाला त्यांचे ओठ वाचून कुजबुजला, "थांबा जरा. कधी कधी परत येतात."

मग सगळेच थांबले. शाळेतल्या बाई आपले बूट काढून हातात घेऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ते कधी काढले, त्यांनाही ठाऊक नसावे.

बाहेर उन्हात आल्यावर त्या म्हणाल्या, "माझं म्हणणं मी मागे घेते. वर्गात मी युद्धावर कितीही बोलले, तरी हे मला नाही दाखवता येणार. इतकी वर्षं झाली, तरी माणूस अजून श्वास रोखतो. हिला ठेवा. पण ठो-ठो नाही. बूट काढून आत जायचं आणि थोडा वेळ गप्प बसायचं."

"आणि गाड्या कुठे लावायच्या?" नगराध्यक्षाबाईंनी विचारले.

"लावू कुठंतरी!" आचारी गरजला. त्याचा आवाज परत आला होता. "गाडी काय, कुठंही उभी राहते!"

"निकाल काय लागला?" इंजिनवाला ओरडला.

"ठेवतायत तिला!"

"काय?"

"ठेवतायत रे! ठेवतायत!"

इंजिनवाला मटकन बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग नाक पुसून नगराध्यक्षाबाईंवर ओरडला, "आता तेवढा हा पोपटी रंग काढा!"

तो रंग अजून निघालेला नाही. राखाडी रंग मंजूर झाला आहे म्हणे. पण माझ्या छपराची भोके बुजवली, गंज खरवडला, आणि त्या एका पलंगावर नवी गादी घातली. आता शाळेतल्या बाई मुलांना घेऊन येतात. वर्ग गप्प बसतो अशी त्यांना गावात सापडलेली ही एकमेव जागा, त्यामुळे हल्ली त्या जरा जास्तच वेळा येतात.

म्हातारे दुपारी येतात. एक जण पलंगावर लवंडतो, दुसरा शेजारी बसून राहतो. थोड्या वेळाने दुसरा पहिल्याचा अंगठा ओढतो आणि जागा बदलतात. उशीवरून भांडण अजून चालूच आहे, फक्त कुजबुजत.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत आणि बँड तर मुळीच नको. माझ्या अंगावर नावे कोरू नका, शिडीवर पंचे वाळत घालू नका आणि आत येताना बूट काढा, एवढेच मागणे आहे. पण आणखी एक सांगते. कधी आत आलात आणि पलंगावर एक म्हातारा झोपलेला दिसला, तर हाका मारून त्याला उठवू नका. एखाद्या दुपारी त्याच्या शेजारी दुसरा म्हातारा बसलेला नसेल. अशी दुपार येणार हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तुम्हीच थोडे पुढे व्हा आणि त्याच्या पायाचा अंगठा हळूच ओढा. तो दचकणार नाही. पाळी बदलली एवढे त्याला कळेल, आणि तो उठून तुम्हाला जागा देईल.