खोटा काढा

"डोळे मीट. जीभ काढ. आणि तेवढा वेळ तरी तोंड बंद ठेव, भोंग्या."

"आत्या, जीभ काढून तोंड बंद कसं ठेवायचं?"

"तू ठेवशील. हल्ली तुला सगळं येतं."

ते खरंच होतं. नववीत गेल्यापासून, त्यातही वक्तृत्वात पहिली आल्यापासून, मला सगळं येत होतं. मी डोळे मिटले. पहिला चमचा आला, इतका कडू की कानाच्या पाळ्या आखडल्या. मग घोटभर पाणी. मग दुसरा चमचा. तोही थेट कानांपर्यंत पोचला.

"पहिला खरा!" मी छातीठोकपणे सांगितलं.

"पहिला खोटा," आत्या म्हणाली आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली. तिला असं हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहत होते.

आत्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आमच्या आजोबांचा हिवतापावरचा काढा, कडू साल पातेलंभर पाण्यात घालून पेलाभर उरेपर्यंत आटवलेला, आजूबाजूची सगळी माणसं डोळे मिटून प्यायची. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना तो तपासून पाहायचा होता: गुण येतो का, आणि अपाय होतो का. गोळ्या सगळ्याच रोग्यांना मिळणार होत्या. जोडीला काहींना खरा काढा, काहींना खोटा. खोट्यात रंगाला जाळलेली साखर आणि कडूपणाला प्रयोगशाळेतली निरुपद्रवी पूड. दोन्ही आत्याच करायची. बाटल्यांवर नंबर घालणारा माणूस दुसऱ्याच इमारतीत बसायचा, त्यामुळे कुणाच्या पोटात काय गेलं हे आत्याला कळत नसे, डॉक्टरीणबाईंनाही नाही.

"कशाला ही उठाठेव?" बाबा तिला म्हणाले होते. "आपल्या बाबांचा काढा आहे. त्याची काय परीक्षा घ्यायची?"

"मला कळायला हवं, दादा."

काय कळायला हवं, ते घरात कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मी तिसरीत असताना आत्याचे यजमान, आमचे काका, हिवतापाने गेले. हाच दवाखाना दोन वळणांवर होता, पण आत्याने घरीच ठेवून त्यांना हा काढा पाजला. काका तापातही गोड माणूस. पेला रिकामा करायचे आणि विचारायचे, "अजून आहे का?" की आत्या पुन्हा भरायची. शेवटपर्यंत भरत राहिली. आपण नवऱ्याला औषध पाजलं की नुसतं कडू पाणी, एवढं एकच तिला जाणून घ्यायचं होतं.

शाळा सुटली की मी वॉर्डातून रिकाम्या बाटल्या गोळा करायला जायचे. दुपार कलायची तीच हुडहुडी भरायची वेळ. आधी कोपऱ्यातली एक खाट थरथरायची, तिचे पाय फरशीवर टकटक करायचे. मग शेजारची. मग त्यापुढची. जणू कुणीतरी मधल्या वाटेने सावकाश चालतंय आणि जाता जाता एकेका खाटेला हात लावतंय.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक सुतारकाका होते, भारी गमत्ये. "काय गं, काल खरा पाजलात की खोटा?"

"तुम्हीच ओळखा. लाकूड ओळखता ना?"

"लाकडाला ठोकून बघता येतं. हे काय, गिळलं की गेलं!"

त्या दिवशी असंच हसता हसता त्यांचे दात वाजू लागले. मी पांघरूण ओढून दिलं. ते माझ्या पलीकडे बघत होते.

"पायथ्याशी कोण बसलंय? दे ना त्याला. पेला रिकामा आहे बिचाऱ्याचा."

"कुणी नाहीये, काका."

"विचारतोय बघ. अजून आहे का, म्हणतोय."

मी त्यांची रिकामी बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि पुढच्या खाटेकडे वळले.

दुसऱ्या दिवशी बायकांच्या वॉर्डातल्या शिंपीणबाईंनी हेच नर्सला सांगितलं. त्या दोघांची ओळखदेखही नव्हती. "ताप डोक्यात गेला की माणसं दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पटण्यासारखंच होतं. तरी मी पळत जाऊन आत्याला सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

आत्या बाटल्या विसळत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "पेला काचेचा होता?"

"मी नाही विचारलं."

"काचेचाच असेल. कड उडालेला."

निकाल सांगायला डॉक्टरीणबाई स्वतः स्वयंपाकघरात आल्या आणि उपड्या टोपलीवर बसल्या. "मावशी, खऱ्या-खोट्यात काडीचा फरक निघाला नाही. ताप उतरला तो गोळ्यांनी. नळीतल्या रक्तात तुमचा काढा घालून पाहिला, तर जंतू मजेत जिवंत."

"आणि अपाय?"

"छे! अगदी निर्धोक आहे."

आत्याचे खांदे जरा खाली आले. डॉक्टरीणबाई उठल्या आणि दारातून मागे वळल्या. "फक्त त्याच्यावर विसंबून कुणी घरी बसू नये, एवढंच. हिवतापात वेळ दवडला की माणूस हातचा जातो."

त्या हे कुणालाही सांगतात तसंच बोलल्या. त्यांना काय माहीत!

आत्याने गॅस बंद केला. पातेलं तरी बराच वेळ रटरटत राहिलं.

रविवारी दुपारी मी आत्याच्या खोलीच्या उंबऱ्यात भूगोल घेऊन बसले होते. तिने वरच्या फळीवरून कड उडालेला पेला काढला, पुसला आणि काकांच्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवला. त्यात काहीच ओतलं नाही. ऊन तिरपं झालं. आणि त्या रिकाम्या खाटेचा एक पाय फरशीवर वाजला. टक. मग टकटक.

ट्रक गेला असेल, असं मला म्हणायचं होतं. पण रस्ता सामसूम होता.

आत्या दचकली नाही. खाटेच्या पायथ्याकडे बघून, भाजीला मीठ आहे का विचारल्यावर सांगावं इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "नाही हो. संपला. आणि तो काही कामाचा नव्हता. उठा. दवाखान्यात जाऊ."

एवढ्या उकाड्यात तिने खुंटीवरची शाल काढली. चपला घातल्या. दार उघडून ते बराच वेळ धरून ठेवलं. मग ती चालू लागली, अगदी सावकाश, स्वतः उन्हातून, भिंतीकडची सावली मोकळी सोडून. मध्येच थांबायची, दम खाऊ द्यायची, पुन्हा चालायची. मी मागून निघाले. तिच्या बरोबरीने चालायची माझी हिंमत झाली नाही.

पहिलं वळण. दुसरं वळण. इतकं जवळ होतं ते.

"काय मावशी, सुट्टीच्या दिवशी?" रुग्णालयाचा वॉचमन म्हणाला. "पेशंट कुठाय?"

"उभं राहवत नाहीये," आत्या म्हणाली. "एक खुर्ची द्या."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी 'द्या' अशी मान हलवली. त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली. आत्याने ती शाल खुर्चीच्या पाठीवरून, हातांवरून नीट लपेटली, पुढची कडा सारखी केली आणि स्वतः बाजूला उभी राहिली, रांगेत.