झाकण उघडल्यावर

सलूनच्या आरशाखालच्या फळीवर पावडरचे डबे, तुरटी, ब्रश, कात्र्या असं सगळं दाटीवाटीने उभं असायचं, पण दाढीनंतर लावायच्या लोशनच्या त्या हिरव्या बाटलीला कुणी खेटत नसे. बाटलीवर पाइनच्या झाडाचं चित्र होतं आणि आत बाबांच्या दुकानाची सगळी अब्रू होती. दाढी संपली की बाबा झाकण उघडायचे. त्याचा अर्थ, माझं काम झालं, आता तुम्ही बोला. गिऱ्हाईक हात पुढे करायचं, बाबा तळहातावर थोडे थेंब पाडायचे आणि गिऱ्हाईक ते आपल्याच हाताने आपल्या गालांवर चापटायचं. हात आला नाही, तर दाढी पसंत नाही. मग बाटली तशीच उघडी ठेवून बाबा मुकाट्याने पुन्हा फेस करायला घ्यायचे. एकदा उघडलेलं झाकण कुणाच्या तरी हातावर थेंब पडल्याशिवाय परत लावायचं नाही, हा तिथला कायदा. तो कुणी केला कोण जाणे, पण मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

आणि तो वास! आधी नाकात गार शिरायचा, मग जरा झोंबायचा, आणि दुपारपर्यंत कॉलरपाशी नुसतं लाकूड उरायचं, नुकतंच चिरलेलं, डिंक सुटलेलं. बाजारात गोड वासांना तोटा नव्हता. फुलं काय, व्हॅनिला काय, कसली कसली फळं काय. सगळे आपले आर्जवं करणारे. हा वास कुणाची मनधरणी करत नसे. पोक काढून दुकानात शिरलेला माणूससुद्धा त्या दोन चापट्या मारून घेतल्यावर मान ताठ करून बाहेर पडायचा.

बाबांच्या थोरल्या मुलीला तो वास लहानपणापासून हवा होता. एकदा तिने स्टुलावर चढून बाटलीला हात घातला, तेव्हा बाबांनी तिला अलगद खाली उतरवलं.

"हा पुरुषांचा वास आहे, बाळ. तुला गुलाबाचं आणून देतो."

त्यांनी खरोखरच आणून दिलं. थोरलीने ते शेजारच्या मांजराला चोपडलं. पुढे धाकट्या भावाला मिसरूड फुटलं तेव्हा बाबांनी सगळ्यांदेखत त्याच्या हातावर थेंब पाडले. त्या शहाण्याला शिंका आल्या. आता तो लांबच्या शहरात फ्रिज विकतो आणि वस्तरा पाहिला की तोंड फिरवतो. थोरली मात्र तो दिवस विसरली नव्हती. दाराआड उभं राहून तिने तो वास पोटभर घेतला होता, आणि आपल्याला तो चोरून घ्यावा लागतोय याचा तिला भयंकर राग आला होता.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. एका गिऱ्हाइकाच्या कानापाशी रक्त आलं, त्या दिवशी बाबांनी स्वतःच वस्तरा खाली ठेवला. तेव्हापासून त्यांची दाढी घरी थोरलीच करत होती. थरथरणारी हनुवटी डाव्या हाताने धरायची आणि उजव्या हाताने वस्तरा फिरवायचा. असल्या हनुवटीवर हात बसला की बाकीच्या हनुवट्यांचं काय घेऊन बसलात! महिन्याभरापूर्वी तिने दुकान उघडलं आणि खुर्चीमागे उभी राहिली. लोक यायचे, बाकावर बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे, बाबांची विचारपूस करायचे आणि वाढलेल्या दाढीनिशी घरी जायचे. केस कापून घ्यायला एखाददुसरा तयार व्हायचा. दाढीचं नाव काढलं की सगळ्यांना अचानक कामं आठवायची.

भिंतीपलीकडे काकांचं, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचं, पंखे-दिव्यांचं दुकान होतं. मधली भिंत पाडून सलून आपल्या दुकानात घ्यायचं, हे त्यांच्या मनात केव्हाचं घोळत होतं. त्या सकाळी ते सुताराला घेऊनच आले. बाकावर बाबा होते, समोरच्या दुकानातले घड्याळजी होते. काकांनी कुणाला न विचारता सुताराला भिंत दाखवली. सुताराने टेप काढली.

"काका, हे काय चाललंय?" थोरलीने विचारलं.

"माप घेतोय. अगं, महिना झाला, एक तरी दाढी झाली का तुझ्या हातून? बाईच्या हाती गळा द्यायला कोण वेडा आहे? दादाची अवस्था ही अशी. उगाच हट्ट कशाला?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने खुर्ची झटकली आणि त्यांच्याकडे वळवली.

"बसा. तुमचीच वाढलीये. दाढी करून झाली की झाकण उघडते. तुमचा हात पुढे आला तर माप घ्यायचं नाही, आज नाही आणि पुढेही नाही. नाही आला तर भिंत तुमची."

काका हसायला गेले, पण घड्याळजींनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. सुतार टेप धरून बघत होता. चारचौघांत पुतणीला घाबरला असं कोण म्हणवून घेईल? काका बसले. थोरलीने त्यांच्या मानेभोवती कापड बांधलं.

तिने गरम पाण्यात टॉवेल पिळून चेहऱ्यावर ठेवला, फेस केला आणि वस्तरा लावला. दुकानात फक्त खरखर ऐकू येत होती. काकांच्या हनुवटीखाली एक जुना व्रण होता. तिथे बाबासुद्धा जरा थबकायचे. थोरलीने कातडी अंगठ्याने ताणली आणि एकाच हातासरशी तो पार केला. सुरुवातीला खुर्चीचे हात आवळून धरलेल्या काकांची बोटं हळूहळू सैल पडली. डोळेसुद्धा मिटले. शेवटी तिने तोंड पुसलं, उलट्या बोटांनी दोन्ही गाल तपासले आणि हिरव्या बाटलीचं झाकण उघडलं.

काकांनी गालावरून हात फिरवला. मग मानेवरून फिरवला. आणि दोन्ही हात कापडाखाली घेतले.

"कुठे राहिलीये?" थोरलीने विचारलं.

"राहिली कुठेच नाही," काका म्हणाले. "पण हात नाही देणार मी."

इतकं उघड उघड! घड्याळजी नुसते खाकरले. थोरलीला रडू येईल असं वाटलं, आणि ते येऊ नये म्हणून तिने दात आवळले. काका कापड सोडून उठले.

"दादा, आता तूच सांग हिला. लाव म्हणावं झाकण."

बाबांनी भावाकडे पाहिलं, मग बाटलीकडे. "मी काय सांगणार? झाकण तिने उघडलंय. ते आता तिच्याकडे."

थोरली बाटली हातात धरून उभी होती. झाकण तसंच लावलं की संपलं. खुर्ची गेली, आरसा गेला, भिंत गेली. उघड्या बाटलीतून तो गार वास तिच्या नाकापर्यंत आला. स्टुलावर चढलेल्या पोरीला नाकारलेला, दाराआड चोरून घेतलेला वास. तिने डावा हात पुढे केला आणि स्वतःच्या तळहातावर थेंब पाडले. चांगले सढळ हाताने पाडले. मग दोन्ही गालांवर अशा चापट्या मारल्या की घड्याळजी दचकले. गाल झणझणले. डोळ्यांत पाणी आलं, ते झोंबल्याचं की कशाचं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. काकांच्या नाकावर टिच्चून तिने झाकण लावलं.

"हात आला, काका."

"तुझा हात? हा पुरुषांचा वास आहे!"

"गाल माझे आहेत. आणि दाढी कशी झालीये ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे."

काका सुताराकडे वळले. "तू घे रे माप. हिच्याकडे लक्ष देऊ नकोस."

सुताराने टेप सोडून दिली. ती सळसळत डबीत शिरली. त्याने एकदा खोल श्वास घेतला, हाताची पिशवी बाकाखाली सरकवली आणि खुर्चीत जाऊन बसला.

"आयुष्यभर पाइनच्या लाकडावर रंधा मारतोय मी," तो म्हणाला. "भुसा नाकातोंडात जातो, पण असा वास कधी आला नाही. ताई, माझी जरा राठ आहे हं."

"राठच बरी," थोरली म्हणाली आणि टॉवेल पिळायला घेतला.

काका तरातरा निघून गेले. सुताराची दाढी झाली. झाकण उघडायच्या आतच त्याचा हात पुढे आला होता. त्याच्यामागोमाग घड्याळजी खुर्चीत बसले. बाकावर बाबा भिंतीला डोकं टेकून बसले होते. त्यांचे हात थरथरत होते, पण चेहरा बऱ्याच दिवसांनी शांत होता.

संध्याकाळी शटर ओढून ती बाबांना घेऊन निघाली. काकांच्या दुकानासमोरून जाताना ती मुद्दाम थांबली. काका काउंटरमागे उभे होते. लोशन न लावलेले गाल लाल झाले होते आणि ते सारखे चोळत होते. पाइनचा वास उंबरा ओलांडून आत गेला, तसं त्यांनी वर पाहिलं.

"झोंबतंय ना?" थोरलीने विचारलं. "परवा पुन्हा वाढेल. तेव्हा या, काका. आणि येताना हात घेऊन या."