लेबलवर न मावलेले नाव

मित्रांनो, मला शोधायला आलात तर मी तुम्हाला दिसणार नाही. एका रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाबाहेर टेबल आहे, टेबलावर संगणक आहे आणि त्याच्या पोटात मी राहतो. मी एक जुना प्रोग्रॅम आहे. टाइप केलेले नाव लेबलच्या रुंदीत बसेल एवढे ठेवायचे आणि उरलेले कापायचे, हे माझे काम. छापलेले लेबल रक्ताच्या बाटलीवर चिकटते आणि बाटली प्रयोगशाळेत जाते.

तुम्ही ज्याला नाव म्हणता, ती मला नुसती अक्षरांची माळ दिसते. प्रोग्रॅम लिहिणारे तिला स्ट्रिंग म्हणतात. माळेत किती अक्षरे आहेत, कितवे कोणते आहे, मागेपुढे रिकामी जागा चिकटली आहे का, हे मला चुटकीसरशी कळते. ती माळ कोणाची आहे, हे मात्र कळत नाही. मी पक्का सांगकाम्या. सांगितले तेवढे करावे आणि नाकासमोर चालावे.

मला घडवणाऱ्या बाई रागीट होत्या, पण कामात चोख. सुरुवातीला मी जोडाक्षराचेही दोन तुकडे करत असे. मग लेबलच्या टोकाला पाय मोडलेले अक्षर लटकत राही. बाई चिडल्या. "अरे, कापायचंच तर अख्खं अक्षर काप. असं लंगडं नको सोडूस," असे म्हणून दिवसभर बसून त्यांनी मला जोडाक्षर ओळखायला शिकवले. मोठ्या डॉक्टरांनी लेबल हातात धरून म्हटले, "वा! काय सुबक छापतं हो हे!" मी कितीतरी दिवस हवेत होतो. पुढे बाई दुसरीकडे नोकरीला गेल्या आणि माझ्याकडे बघणारे कोणी उरले नाही. "चालतंय ना? मग हात लावू नका," असे कार्यालयात सगळेच म्हणू लागले.

तान्ह्या बाळाला नाव नसते. म्हणून आमच्याकडे आईचे नाव लिहून शेवटी 'बाळ' लिहीत. जुळी असली तर 'बाळ पहिले' आणि 'बाळ दुसरे'. लेबलवरचा नंबरही आईचाच. पूर्वी आईचे नाव आणि आडनाव एवढेच असे, ते आरामात मावे. मग हुकूम आला की पूर्ण नाव लिहा, मधल्या नावासकट. माळ लांबली, लेबल होते तेवढेच राहिले. आणि माझी कात्री तर शेपटाकडूनच चालायची.

त्यानंतर आलेली पहिलीच जुळी म्हणजे त्या दोन मुली. दोघीही पिवळट दिसत होत्या, म्हणून सकाळी दोघींचे रक्त तपासायला गेले. थोड्या वेळाने प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ धापा टाकत टेबलाशी आला.

"सिस्टर, यातल्या एकीची कावीळ फार चढलीय. पण कोणाची? दोन्ही बाटल्यांवर एकच नाव आहे!"

"असं कसं होईल? मी स्वतः पहिलं, दुसरं टाइप केलंय." सिस्टरांनी बाटल्या उजेडात धरल्या. दोन्ही लेबले 'बाळ' या शब्दापाशी संपली होती. एकही अक्षर लंगडे नव्हते.

डॉक्टर आले. "एवढी कावीळ म्हणजे बाळाचं रक्त बदलावं लागेल, पण ते अंदाजाने करता येणार नाही. दोघींचं पुन्हा घ्या, आत्ताच्या आत्ता. तोवर दोघींना काविळीच्या निळ्या दिव्याखाली ठेवा."

आई भिंतीला धरून दारात उभी होती. "एकीला तर काहीच झालेलं नाही ना? मग तिलाही परत सुई टोचणार?"

"हो ताई," सिस्टर म्हणाल्या. "ती कोणती, ते आम्हाला माहीत नाही."

मित्रांनो, ते ऐकून मला फार वाईट वाटले. मी सांगितले तेच केले होते, यात काडीचीही चूक नव्हती. पण एक अक्षर लंगडे होऊ नये म्हणून मला दिवसभर शिकवले गेले होते, आणि दोन मुलींत गफलत होऊ नये म्हणून कोणी काहीच शिकवले नव्हते.

दुसरी, म्हणजे धाकटी, आजारी निघाली. हे कळेपर्यंत दुपार कलली होती. तिचे रक्त बदलावे लागले. ती वाचली, पण तिला ऐकू कमी येते. त्या उशिरामुळे की आणखी कशाने, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

कार्यालयाने बाईंना बोलावून घेतले. साहेब म्हणाले, "हा जुना काढून टाका. नवीन घेऊ."

"घ्या की," बाई म्हणाल्या. "पण सांगितलं नाही तर तोही गुपचूपच कापेल." त्यांनी मला उघडले आणि पहिल्या ओळीपासून वाचून काढले. मग 'पहिले', 'दुसरे' हे शब्द त्यांनी माळेच्या तोंडाशी आणले. शिवाय मला एक नवी गोष्ट शिकवली. नाव मावत नसेल तर कापायचे नाही आणि छापायचेही नाही. थांबायचे आणि विचारायचे.

तेव्हापासून मी पावलोपावली अडतो. "आलं याचं नाटक!" म्हणून लोक बोटे मोडतात. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी उद्या प्रोग्रॅम लिहील. त्याला कापायला शिकवाल, तेव्हा थांबायलाही शिकवा. आणि आम्ही मुकाट्याने चालतो आहोत म्हणून आम्हाला विसरू नका, अधूनमधून उघडून वाचत जा.

परवा ती आई दोन्ही मुलींना तपासणीसाठी घेऊन आली होती. मुली आता चालतात. सिस्टरांनी धाकटीचे पूर्ण नाव टाइप केले आणि मी थांबलो. रांगेतले एक आजोबा वैतागले, "काय झालं आता? बंद पडलं का?"

"नाव मावत नाहीये, म्हणून विचारतंय," सिस्टर म्हणाल्या.

"विचारू दे," आई म्हणाली. "आम्ही थांबतो."

मग ती खाली वाकली आणि धाकटीच्या कानाशी तोंड नेऊन तेच पुन्हा, मोठ्याने म्हणाली.