मुद्दाम चुकलेले शब्द

हितेशच्या डोक्याला लागलं ते रविवारी, फुटबॉलच्या मॅचमध्ये, कॉर्नरच्या चेंडूवर. समोरचा स्ट्रायकर आणि तो एकदमच उडाले, कवटीवर कवटी आपटली आणि हितेश खाली. उठला तेव्हा मैदान पांढरंफटक दिसत होतं. पण उठला, कारण डिफेंडरनं उठायचंच असतं. गुडघा सुजला तर दहाजण बर्फ घेऊन धावतात. डोकं आतून सुजलं तर कुणाच्या बापाला दिसत नाही. क्लबनं या विशीतल्या पोराला घेतलं तेच मुळी त्याच्या डोक्यासाठी, उंच उडून चेंडू परतवणाऱ्या. त्या डोक्याच्या आत काय चाललंय, याच्याशी कुणाला घेणंदेणं नव्हतं.

मंगळवारी दुपारी सराव आटोपून तो स्कूटरवर घरी निघाला. शीळफाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. सुटल्या, मागचे ट्रक हॉर्न मारायला लागले, आणि हितेशला कळेना वळायचं कुठं. या नाक्यावर त्याचं अख्खं लहानपण गेलेलं. समोर गाववाल्यांनी लावलेला बॅनर होता, हाताची घडी घालून उभा असलेला तो स्वतः, खाली ‘आपल्या मातीचा वाघ’ आणि शुभेच्छुकांची डझनभर तोंडं. त्या वाघाला स्वतःच्या घरचा रस्ता आठवत नव्हता. एक रिक्षावाला आईवरून शिवी घालून पुढं गेला. हितेशनं स्कूटर ढकलत कडेला घेतली आणि फुटपाथवर बसला. मग काही झालंच नाही अशा थाटात रस्ता आठवला. शर्ट मात्र घामानं पिळून निघाला होता.

घरी आई बायजा त्याच्या डोळ्यांकडं बघतच राहिली. “डोलं कसं झायलंन र तुझं?” तो म्हणाला, ऊन लागलं.

रात्रभर तो एकच गोष्ट घोळवत होता. क्लबमध्ये डोक्याची एक परीक्षा असते. सीझन सुरू होताना, जुलैत, फिजिओ रसिका मॅडम प्रत्येकाला दहा शब्द वाचून दाखवतात, ते परत म्हणायचे. महिने उलटे म्हणायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. पुढं कधी डोक्याला लागलं की तीच परीक्षा पुन्हा. मार्क जुलैपेक्षा घसरले तर खेळाडू बाहेर.

यावरचा उतारा कॅप्टननं, कळव्याच्या प्रीतमनं, ड्रेसिंग रूममध्येच सांगितला होता. जुलैत गाढवासारखा पेपर द्यायचा, मग सीझनभर कितीही आपटा, पास. पोरं खदाखदा हसली होती. प्रीतमचा खेळ बघूनच हितेश डिफेंडर झालेला, त्याचं ऐकणार नाही तर कुणाचं? दहाच्या दहा शब्द येत असताना त्यानं पाचच सांगितले. महिन्यांत घोळ घातला, पाय मुद्दाम टेकवला. बाहेर येऊन प्रीतमला टाळी दिली.

आता रविवारच्या मॅचचा व्हिडिओ बघून मॅडमनी बुधवारी त्याला बोलावलं होतं. शीळफाट्यानंतर त्यानं ठरवलं होतं की या वेळी लबाडी नाही. सगळं बरोबर सांगायचं. जुलैची चोरी पकडली गेली तर गेली. डोकं शाबूत आहे एवढं तरी कळेल.

मॅडमनी शब्द वाचले. हितेशनं मुठी आवळून ऐकले. मग म्हणायला लागला. चादर, लिंबू, घोडा, खिडकी, वाळू. तिथं अडकला. त्यानं डोळे घट्ट मिटले, जीव काढला. पुढं काहीच नव्हतं. महिने म्हणताना ऑगस्टनंतर जून आला. एका पायावर उभा राहिला आणि पाय आपोआप खाली आला. त्यानं टेकवला नव्हता.

मॅडमनी दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि हसल्या. म्हणाल्या, अगदी जुलैसारखंच आहे, काही घसरलेलं नाही, शनिवारी खेळ.

जुलैत जे सोंग आणलं होतं ते आता खरं झालं होतं, आणि हे त्याच्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रीतम बाहेर मैदानाच्या कठड्यावर बूट चढवत बसला होता. हितेशनं सगळं ओकलं. शीळफाटासुद्धा.

“पास झालास ना? मग रडतोस कशाला, हित्या?”

“दादा, या वेळी मी मुद्दाम नाय चुकलो.”

प्रीतमचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

“तुला काय वाटलं, यंदा जुलैत मी मुद्दाम चुकलेलो?”

मग तो हळू आवाजात बोलला. परवा पोरीला आणायला शाळेच्या गेटवर गेला होता. पोरगी दिसली, हाक मारायला तोंड उघडलं, आणि नाव आलं नाही. सान्वी. स्वतःच ठेवलेलं नाव. शेवटी टाळ्या वाजवून बोलावलं तिला. हे कुठं बोललास तर तंगडी मोडीन, म्हणाला, आणि हसला. हितेशला हसता आलं नाही. दहा वर्षांनंतरचा हितेश त्याच्यासमोर बूट बांधत होता, आणि एकच गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होता.

हितेश मॅडमच्या खोलीकडं निघाला. मागून प्रीतमनं हाक मारली, एकदा प्रेमानं, एकदा दरडावून. कॉन्ट्रॅक्ट जाईल, लबाड म्हणून नाव होईल, दुसरा क्लब दारात उभं करणार नाही. सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी त्यानं मॅडमचं दार ढकललं.

“मॅडम, जुलैत मी मुद्दाम चुकलेलो. आज नाही.”

रसिका मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी आधी दार लावून घेतलं, त्याला खुर्चीत बसवलं, खेळणं बंद म्हणून सांगितलं, डॉक्टरांना फोन लावला. कोच महेंद्र सरांना आता सांगावंच लागेल, म्हणाल्या. हितेशनं मान हलवली.

मग त्यांनी विचारलं, हे शिकवलं कुणी.

खिडकीतून प्रीतम दिसत होता. मैदानात उतरला होता, पोरांकडून उंच चेंडू मागत होता. एक चेंडू आला. तो उडाला, कपाळानं ठोकला, खाली आला आणि क्षणभर दोन्ही हात पसरून नुसता उभा राहिला, अंधारात भिंत चाचपावी तसा.

“प्रीतमदादानं,” हितेश म्हणाला. “त्याला आत बोलवा मॅडम. पुढचा चेंडू यायच्या आधी.”