आम्रपालीने मला वेग दिला

मित्रांनो, बिबवेवाडीतल्या एका तपासणी केंद्रात बंद पडून असलेले मी एक जुने एमआरआय यंत्र आहे.

हृदयाचे चित्र काढणे मला फार जड जाई. हृदय क्षणभरही थांबत नाही. मी थोडे थोडे संकेत गोळा करी आणि तोवर रुग्णाला पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागे. हृदयाचा त्रास घेऊन आलेल्या चंद्रभागाबाई आजींना ते जमेना. त्या म्हणाल्या, "अगं, श्वास धरता आला असता तर इथे कशाला आले असते?"

हे ऐकणारी आम्रपाली वारज्याची. आयटी कंपनीतली नोकरी सोडून ती केंद्राच्या डॉक्टर अनिरुद्धांकडे कामाला आली होती. तिने ठरवले, सगळे संकेत घ्यायचेच नाहीत. मोजकेच, विखरून घ्यायचे आणि उरलेले चित्र गणिताने भरून काढायचे. सुट्टीच्या दिवशी ती माझ्यापाशी बसे. सुरुवातीची चित्रे धुरकट आली. तिने गणित मोडले, पुन्हा मांडले.

अखेर चंद्रभागाबाई माझ्यात निवांत श्वास घेत पडून राहिल्या आणि पडद्यावर त्यांचे हृदय स्वच्छ हलताना दिसले. झडपेचा दोष सापडला, उपचार बदलले. डॉक्टर म्हणाले, "आम्रपाली, हे तुझं काम. जगाला मी तुझ्याच नावाने सांगेन." तिने विश्वास ठेवला. मीही ठेवला.

पुढे शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले. उद्घाटनाला डॉक्टर पाहुण्यांना म्हणाले, "ही वेगवान पद्धत मी शोधली. जुन्या यंत्रावर हे शक्यच नव्हतं."

आम्रपाली उभी राहिली. "सर, मग चंद्रभागाबाईंचं हृदय आपण कशावर पाहिलं?"

"आपण नंतर बोलू."

ते नंतर कधी आलेच नाही. आम्रपाली केंद्र सोडून गेली. तिचे गणित नव्या यंत्रात गेले. माझ्यातून ते पुसले आणि मला बंद केले. ज्यांच्यासाठी राबले, त्यांनीच मला खोटे पाडले.

परवा चंद्रभागाबाई तपासणीला आल्या. माझ्या दाराशी थांबून त्यांनी विचारले, "आम्रपालीचं यंत्र बंद का?"

"तिचं असं काही नव्हतं, आजी," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, माझं हृदय अधू आहे, डोकं नाही."



मित्रांनो, यंत्रे जपा, झिजली तर दुरुस्त करा. पण त्याआधी माणसाचे श्रम जपा. माझी आठवण नाही काढलीत तरी चालेल. तिचे नाव मात्र घ्या.